नऊ लाख चाळीस हजार

गंधाली परबला फिजिओथेरपीची सीट मिळाली तेव्हा तिच्या आईने, नीलाने, अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. फी वर्षाला तीन लाख, पण तिची कुणाला धास्ती नव्हती. कॉलेजचा ट्रस्ट फी माफ करायचा. अट एवढीच की वडिलांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तिचे बाबा, नंदकिशोर, अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कपड्यांच्या कारखान्यांतली शिलाई मशीन दुरुस्त करायचे. वर्षाला पाच लाख हातात पडले की देव पावला म्हणायचे.

मग ट्रस्टने बाबांची गेल्या दोन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न मागितली.

गेल्या वर्षीचं रिटर्न तिनेच भरलं होतं. दहिसरच्या चाळीतली भाड्याची खोली सोडून टॉवरमध्ये जायचं, तर बँकेला कमाई दिसायला हवी. लोनवाला एजंट हर्षद म्हणाला होता, "सगळेच वाढवून भरतात, काका. साडेसात लाख टाका, वन रूम किचनचं काम होऊन जाईल." बाबांना कॉम्प्युटरचं वावडं, म्हणून गंधाली टाइप करायला बसली. साडेसात लाखांत तिला वेगळी खोली मिळत नव्हती. नऊ चाळीस दाखवले तर मिळत होती.

"बाबा, नऊ चाळीस टाकू ना?"

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "टाक," म्हणाले. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला. चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल नाकाशी धरून त्यांनी तो एकेक आकडा करत वाचला. न कमावलेल्या पैशांवर चाळीस-पंचेचाळीस हजारांचा टॅक्सही भरला. हौसेने खड्डा खणायचा आणि वर मजुरीही आपणच द्यायची, असला तो सगळा कारभार.

ट्रस्टच्या ऑफिसातल्या मॅडमनी कागद दोनदा वाचला. "नऊ चाळीस आहे हो. आम्हाला काही करता येणार नाही."

"ते खोटं आहे, मॅडम," बाबा म्हणाले. "लोनसाठी मी वाढवून टाकलं. खरं उत्पन्न पाच लाख."

गंधालीने मान वर केली. मी टाकलं, असं तिला सांगायचं होतं. जीभ रेटली नाही.

"म्हणजे सरकारला खोटं लिहून दिलंत," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मग आता सांगताय ते खरं कशावरून धरू? ज्यांना खरंच नाही, अशी मुलं बाहेर बसलीत."

बाबांनी कागद गोळा केले.

शिक्षणासाठी कर्ज द्यायला बँक एका पायावर तयार होती. तिच्या लेखी नंदकिशोर परब सुखवस्तू माणूस होते. पण हप्ता फेडायचा तो खऱ्या कमाईतून, आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त घराच्या हप्त्यातच जात होती.

शनिवारी सीट रद्द करायची शेवटची तारीख. त्या दिवशी केली तर निदान डिपॉझिट परत मिळणार होतं. गंधाली आपल्या खोलीत बसली होती. पडदे तिने स्वतः निवडलेले, पिवळे. त्या खोलीचा तिला इतका तिटकारा आला होता की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. बाबा दारात येऊन उभे राहिले. आत यायचं तर ते अजून विचारून यायचे.

"बाबा, तेव्हा मी..."

"तू लहान होतीस गं. 'टाक' असं मीच म्हटलं ना."

तिने सीट रद्द करायचं बटण दाबलं. बाबांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाशी धरला आणि सहा आकडे एकेक करत, सावकाश, तिला वाचून दाखवले.

"बरोबर पडले ना गं?"

"पडले, बाबा."