हिच्या हाकेसाठी माइक

लेकीने टेबलावर दोन खोकी ठेवली, तेवढ्यात मी विचारलं, "मग, कुठला घ्यायचा?"

"बाबा, अजून उघडलीसुद्धा नाहीत."

"मग उघड की."

"उघडते. तुम्ही आधी बसा बघू. तुमच्या येरझाऱ्यांनी मला गरगरायला लागलंय."

हे तिने मला सांगावं! लहानपणी ही पोर एका जागी टिकायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणू लागलो. आता ती कॅमेरा खांद्यावर टाकून कंपन्यांचे व्हिडिओ करत फिरते, लोक तिला मॅडम म्हणतात, पण आमच्या घरात ती भिंगरीच. त्या दिवशी आम्ही दोघंही भिंगरी झालो होतो. ती खोकी उघडायला कात्री शोधत होती, मी कात्री हातात घेऊन तिच्या मागे फिरत होतो, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

परवा हिचं ऑपरेशन होतं. ही म्हणजे माझी बायको. घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जीव राहील, आवाज जाईल. नंतर गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्याने बोलता येतं, पण तो आवाज यंत्राचा. भिंगरी त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर म्हणाली, "आईचा व्हिडिओ करायचा. फोनवर नको, फोनमध्ये आईपेक्षा पंखाच जास्त बोलतो. चांगला माइक आणते." ओळखीच्या दुकानदाराने तिला दोन माइक बघायला दिले होते. एक ठेवायचा, एक संध्याकाळी परत.

घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हिचा आवाज सकाळी बरा असायचा, दुपार होईतो बसायचा. त्यात डॉक्टरांचं सांगणं, कमी बोला. म्हणजे माइक पारखायला हिला बोलवावं, तर पारखण्यातच आवाज संपणार. आणि न पारखता घ्यावा, तर उद्याचा एकच दिवस हातात, तो चुकीच्या माइकवर जाणार.

"म्हणून आधी तुम्ही बोलायचं," भिंगरी म्हणाली.

"मी?"

"आईच्या जागी. आधी जागा आणि माइक ठरवू, मग आईला बोलवू."

खोक्यातून एक लांबडा काळा दांडा निघाला, अंगभर चिरा असलेला. दुसरा तसाच, पण आखूड. दोघांनाही शॉटगन माइक म्हणतात म्हणे.

"बंदूक? आईवर रोखायला?"

"नेम धरून ऐकतो म्हणून. समोरचं ऐकतो, बाजूचं फारसं मनावर घेत नाही. लांबडा जास्त नेमका. आखूड असतो तो जरा आजूबाजूचंही घेतो."

"म्हणजे लांबडाच चांगला. कशाला वेळ घालवायचा?"

"दुकानदारही तेच म्हणाला. पण ऐकल्याशिवाय नाही. बोला काहीतरी."

मी खुर्चीत बसलो. दांडा माझ्या तोंडावर रोखलेला. आयुष्यभर बडबड केली, पण त्या क्षणी डोक्यात नुसता पांढरा कपडा.

"बोला ना बाबा!"

"आज... आज मंगळवार आहे."

"बुधवार!" आतल्या खोलीतून ही ओरडली.

"तू बोलू नकोस!" आम्ही दोघं एकदम तिच्यावर ओरडलो.

भिंगरीने हेडफोन कानाला लावला आणि तिचं तोंड कडू झालं. मला ऐकवलं. विहिरीत पडलेला माणूस मदत मागतोय, तसा माझा मंगळवार घुमत होता. खोली लहान, भिंती उघड्या, खाली गुळगुळीत फरशी. आवाज भिंतींवर आपटून परत येत होता आणि लांबडा तेही इमानाने टिपत होता. तिने मला खिडकीशी बसवलं, दाराशी बसवलं, कपाटाला पाठ लावून बसवलं. सगळीकडे विहीर. आखूड जरा बरा निघाला, पण त्यात रस्त्यावरची मोटार आणि शेजारच्यांचा नळही आला.

"आखूडच घेऊ," मी म्हणालो.

"आत्ता तर लांबडा म्हणत होतात."

"तेव्हा विहीर कुठे ऐकली होती?"

ती टेबलावर बोटं वाजवू लागली. मी घड्याळाकडे बघू लागलो. तेवढ्यात ही स्वतःच येऊन खुर्चीत बसली. कडक इस्त्रीचा पोशाख, केस चापूनचोपून. "तुमचं नमनालाच घडाभर तेल. चला, काय बोलायचं ते सांगा."

भिंगरीने मला हिच्या समोर बसवलं. "आई, कॅमेऱ्याकडे बघू नकोस. बाबांकडे बघून बोल. नेहमीसारखं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ही खाकरली. "नमस्कार. मी आपल्याला माझ्या आयुष्याविषयी चार शब्द सांगणार आहे."

"आई, नेहमीसारखं."

"नेहमीसारखंच बोलतेय."

ते खरं नव्हतं. तो आवाज मला माहीत होता. नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा महागाचा कोट घेऊन येतं, तेव्हा ही तो आवाज काढते. भिंगरीने पुन्हा सुरू केलं. हिने पुन्हा नमस्कार केला. मग थांबून माझ्यावरच डाफरली, "हे असे टक लावून बसल्यावर मी बोलू काय? मुलगी बघायला आलेत जणू!"

मी नजर खाली घातली, तर म्हणे, आता झोपलात का.

चूक आमच्या संसारातच होती. आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, त्याच्या वर आडव्या नळ्यांवर टांगलेले तयार कपडे. मधे भिंत. भिंतीत कपडे द्यायघ्यायची खिडकी. भिंतीच्या आत बॉयलर, धुण्याचं यंत्र, इस्त्रीची टेबलं. त्याच्या मागे घर. ही पुढे, मी आत, असं आमचं पहिल्यापासून. भांडलो ते त्या खिडकीतून, लेकीचं नाव ठरवलं ते त्या खिडकीतून. ती हाक मारणार, "अहो, ऐकलं का?" मी आतून म्हणणार, "हं." मग ती काय ते सांगणार. समोरासमोर बसायचं ते फक्त जेवायला, आणि जेवताना कोण बोलतं?

मला वाचायलाही हिनेच त्या खिडकीतून शिकवलं, माझे केस पिकायला लागल्यावर. कपड्याला टाचलेली चिठ्ठी खिडकीतून आत सरकवायची आणि बाहेरून एकेक अक्षर म्हणायची. मी आत बोट ठेवून म्हणायचो. त्यामुळे आजही मी पेपर वाचतो तेव्हा माझ्या डोक्यात हिचाच आवाज वाचतो. परवानंतर तो डोक्यातला आवाज टिकेल का, की तोही झिजत जाईल, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. असलं विचारायचं कुणाला? म्हणून तर माझा पाय ठरत नव्हता.

दुकानाची घंटी वाजली.

त्या दिवशी दुकान बंद ठेवा, असं भिंगरी म्हणाली होती. "बंद दुकानात बसून मी काय, माशा मारू?" असं म्हणून हिने ते उघडं ठेवलं होतं. आता घंटी वाजताच ही खुर्चीतून उठली, आणि आम्ही थांब म्हणेपर्यंत पुढे पोचलीसुद्धा. कानावर आलं ते सरळ भिंतीपलीकडून.

"अहो, ऐकलं का? चष्मेवाल्यांचा राखाडी कोट झाला का? नाही म्हणू नका, मी काल तुम्हाला तीनदा सांगितलंय!"

आवाज चिरलेला होता, खालच्या बाजूने फाटलेला. पण हीच. अख्खी ही.

"हं!" मी घरातूनच ओरडलो, आणि आत इस्त्रीच्या टेबलाकडे धावलो, कारण कोट झालेला नव्हता.

भिंगरी माझ्याही पुढे धावली. लांबडा माइक उचलून ती काउंटरपाशी गेली, वर टांगलेले हँगर काढायची आमची आकड्याची काठी घेतली, आणि तो दांडा कपड्यांच्या गर्दीत नळीला अडकवून दिला. दोन्ही बाजूंना कोट, चादरी, शर्ट. मधून माइकचं तोंड खाली, हिच्या डोक्यावर. हिने वर बघितलं, म्हणाली, "पडला डोक्यावर तर ऑपरेशन परवाच्या ऐवजी आजच होईल." चष्मेवाले हसले. भिंगरीने कॅमेरा सुरू केला.

मी आत कोटाची बाही दाबत होतो. वाफेचा फस्स आवाज होत होता. ही पुढून बोलत होती, मी आतून उत्तर देत होतो. कॉलरचा डाग गेला का? हं. हं म्हणजे गेला की राहिला? गेला. मग तसं म्हणा ना, तोंडाला भाडं पडतं का? चष्मेवाल्यांना तिने माझं कौतुकही सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेताने. "हात सोन्याचा आहे यांचा. कान मात्र उसना आणलेला दिसतो."

कोट गेला. भिंगरीने हेडफोन लावला, आणि लहानपणापासून पहिल्यांदा मी तिला तशी उभी बघितली, पाय जमिनीला चिकटल्यासारखी.

"विहीर नाही," ती हळू म्हणाली. "बाबा, कपड्यांनी सगळा घुमारा पिऊन टाकला."

मग तिने आखूड माइक त्याच जागी टांगला. पुढचं गिऱ्हाईक चादरी न्यायला आलं, ही पुन्हा बोलली, मी पुन्हा हं म्हणालो. पण आता शब्दांच्या शेपट्या तुटायला लागल्या होत्या. "पुरे," भिंगरी म्हणाली. "पुरे आई. आता बोलू नकोस."

आम्ही तिघं काउंटरला टेकून उभे राहिलो, हेडफोन आळीपाळीने कानाला लावत.

आधी आखूड. त्यात सगळं होतं. हिची हाक, रस्ता, वाफ, मी. माझा हं इतका ठणठणीत होता की मलाच लाज वाटली. हिचा आवाज त्या गर्दीत एक, जरा मागे.

मग लांबडा. कानात ही इतकी जवळ आली की मी मागे वळून बघितलं. श्वास घ्यायची ती जागा, चिरलेला तो कोपरा, हसण्याआधी नाकातून येणारा आवाज, सगळं. रस्ता नाही. वाफही नसल्यासारखी. आणि मी नाही. "अहो, ऐकलं का?" मग काहीच नाही. मग, "हं म्हणजे गेला की राहिला?" पुन्हा काहीच नाही. ही विचारतेय, थांबतेय, चिडतेय, आणि पलीकडे ओसाड.

मी हेडफोन काढून ठेवला. "हा नको."

"बाबा! इतका स्वच्छ आवाज..."

"नको म्हणतो ना. ही रिकाम्या घरात हाका मारतेय असं वाटतं. आखूड घे."

"आखुडात आई मागे पडतेय. आवाज आईचा टिकवायचाय, तुमच्या इस्त्रीचा नाही."

"मग मी पुढे येऊन बोलतो. काउंटरवर उभा राहून उत्तरं देतो."

"म्हणजे आई पुन्हा नमस्कार करायला लागेल!"

आमची अशी जुंपली. दुकानदाराचा फोन येऊन गेला, कुठला परत आणताय म्हणून. भिंगरी एका माइकची वायर गुंडाळायची आणि सोडायची. मी नळीवरचे हँगर उगाच या टोकाचे त्या टोकाला सरकवत होतो. हिने आमच्यामधून हात घालून हेडफोन उचलला आणि लांबड्याचं सगळं नीट, डोळे मिटून ऐकलं. मधेच हसली. तिच्या विनोदाला तिलाच हसू येतं, ते जुनंच आहे.

मग तिने आखूड माइक खोक्यात घातला आणि झाकण लावलं.

"अगं, पण मी कुठेच नाही त्यात," मी म्हणालो.

ती कुजबुजली, कारण तेवढंच उरलं होतं. "आवाज माझा जाणार आहे. तुमचा कुठे जातोय? तुमचं उत्तर तुम्ही द्यायचं. नंतर ऐकाल, त्या वेळी. जागा सोडलीय ना या माइकने तुमच्यासाठी."

भिंगरी खोकं उचलून दाराकडे निघाली, बराच वेळ पाठ करून पायताण शोधत राहिली, आणि मग गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आवाज बरा असताना, लांबडा पुन्हा कपड्यांत टांगला. भिंगरी कॅमेऱ्यामागे. मी आत इस्त्रीशी. टेबलावर एकही कपडा नव्हता, तरी इस्त्री तापवून ठेवली होती. घंटी वाजली नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं.

"अहो, ऐकलं का?" ही म्हणाली.

काय झालं कुणास ठाऊक, मला तिथून उत्तर देववेना. मी इस्त्री उभी केली, भिंतीला वळसा घालून पुढे गेलो आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"इथे कशाला आलात? आत जा. इथे उभे राहिलात तर मी हाक कुणाला मारू?"

मी आत गेलो. खिडकीशी, पण तिला दिसणार नाही असा उभा राहिलो.

"अहो, ऐकलं का?"

"हं," मी म्हणालो. "बोल."