सरपंचबाईंच्या नवऱ्याचा गुडघा

दारव्ह्याजवळच्या एका तांड्याची सरपंच कौसल्या राठोड होती, पण मिरवायचा तिचा नवरा सेवादास. मांडव कुणाचाही असो, माईक याच्याच हातात.

त्याचा उजवा गुडघा बरेच दिवस दुखत होता. आठवडी बाजारातल्या एका बोगस डॉक्टरनं त्याला बोलण्यात गुंतवून गुडघ्यातच इंजेक्शन ठोकलं. एक-दोन दिवस सेवादास हरणासारखा हिंडला. मग थंडी वाजून ताप भरला आणि गुडघा टरबुजाएवढा फुगला.

"करनी हाये," त्यानं स्वतःच निदान केलं. "विरोधी पार्टीनं केली."

"पार्टीले तुमच्या गुडघ्यात काय भेटनार हाये?" असं म्हणून कौसल्यानं त्याला जीपमध्ये कोंबलं आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

अपघात विभागात डॉक्टर अतिया होती. तिला पाहून सेवादास म्हणाला, "मोठा डॉक्टर बोलवा. मी सरपंच हाये."

"सरपंच मी हाये," मागून कौसल्या म्हणाली. "हे पेशंट हायेत."

अतियानं हसू दाबलं. गुडघ्याला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. जरासा वाकवून पाहिला, तशी सेवादासनं अशी बोंब ठोकली की शेजारच्या खाटेवरचा दारुडा शुद्धीवर आला.

"शुगर आहे का?"

"नाही," सेवादास म्हणाला.

"हाये. लपवतेत," कौसल्या म्हणाली.

"काका, वातरक्तानं, म्हणजे गाऊटनंही, गुडघा असाच सुजतो आणि आत जंतू गेले तरी असाच. वरून ओळखता येत नाही. सुईनं आतलं पाणी काढून बघावं लागेल."

सेवादासचा चेहरा उतरला. "गोळ्याच द्या ना, बाई. मले सुईचं भेव लागते."

लसीकरणाच्या शिबिरात यानंच 'सुईला भिऊ नका' म्हणून भाषण ठोकलं होतं आणि स्वतः मागच्या दारानं सटकला होता.

"आत पू असला अन् मी गोळ्या देत बसले, तर सांधा सडेल. रक्तात पसरलं तर जिवावर बेतेल," अतिया म्हणाली.

कौसल्यानं नवऱ्याचा हात धरला. अतियानं कातडी साफ केली, बधिर करायचं औषध दिलं आणि सुई सांध्यात घातली. सिरिंजमध्ये कढीसारखं दाट, पिवळट काहीतरी चढलं.

"पू आहे," ती म्हणाली. नमुना तपासणीला गेला. निकालाची वाट न बघता सलाईनमधून औषधं सुरू झाली. संध्याकाळच्या आत हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून सांधा धुऊन काढला.

ताप उतरायला काही दिवस गेले. त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. दिराला खाटेजवळ बसवून कौसल्या गेली आणि दुसऱ्या दिवशी परतली.

"सभा रद्द केली ना?" सेवादासनं विचारलं.

"झाली. लवकर आटोपली. भाषन नव्हतं."

"अन् बोललं कोन?"

"मी. पयलं वाक्य दोनदा म्हनलं. मंग बोलतच गेली." तिचा चेहरा उजळला होता. "खालच्या वस्तीतल्या नळाचा ठराव झाला."

सेवादास भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवणाला हात लावला नाही. मग भिंतीकडेच बघत विचारलं, "टाळ्या पडल्या का?"

"पडल्या."

"मले पडते त्याहून जास्त?"

कौसल्यानं भाकरी कुस्करून ताट त्याच्यापुढं सरकवलं.