बोटीत उभं राहू नये

सांगून ठेवते, बोटीत बसायची हौस मले नव्हती. पोट्टी पाहायचा कार्यक्रम लोक घरी करतात. पोहे होतात, चहा होते, पोट्टी खाली मान घालून बसते, झालं. पण आमच्या उर्वशीनं अन् त्या प्रणितनं फोनवर ठरवून टाकलं का ब्रह्मपुरीजवळ तो नवा बगीचा झाला, झुले-पाळणे अन् पाण्यातली जंगल सफारी, तिथीच दोन्ही घरचे भेटू. त्यायची माजरी अन् आमचं कुरखेडा, दोघायले तेच मधात पडते. म्या विचारलं, तुमी दोघायनं एकमेकाले पसंत केलं तं आता पाहायचं काय उरलं? उर्वशी म्हणे, "मावशी, त्याच्या आईनं मले पाहायचं उरलं."

तेच तं दुखणं होतं. प्रणितची आई भागीरथाबाई अडून बसली होती. पोट्टी शिकली-सवरली हाय, पण बिनमायची हाय, अन् बिनमायच्या पोट्टीले घराचं वळण नसते, असं ती कोणाजवळ तरी बोलली. ते फिरत फिरत माह्या कानावर आलं. माह्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे वर्षं मी का झोपा काढल्या? उर्वशीची माय म्हणजे माही लहान बहीण. मोहा येचताना वाघानं नेली. बाप मिरची तोडायले तेलंगणात गेला, तो तिकडचाच झाला. पोट्टी माह्या पदरात आली अन् माह्याच पदरात मोठी झाली. याच कारणावरून तिची एक सोयरीक आधी मोडली होती. हीबी मोडली असती तं ती काही बोलली नसती, पण आतून पार खचली असती. त्या पोट्टयावर तिचा जीव होता, हे मले दिसत होतं. म्हणून मी गपगुमान गेली.

गेटजवळ भागीरथाबाई कडक इस्त्रीच्या लुगड्यात उभी होती. बोलणं मोजून-मापून. तिचा नवरा दादाजी भाऊ मात्र मोकळा माणूस, खाणीत पंपावर काम करणारा. त्यानं आल्या-आल्या माह्याकडच्या मोह्याच्या लाडवाचा डबा उघडून खायले सुरुवात केली. भागीरथाबाई उर्वशीले म्हणे, "आमच्याकडं कोळशाची धूळ लय येते, घर दोनदा पुसा लागते." उर्वशी म्हणे, "पुसीन ना काकू." बाई म्हणे, "हं." त्या 'हं'मधी काही जीव नव्हता.

प्रणितनं सगळ्यायले बोटीकडं नेलं. सिमेंटचा नाला बांधला होता, त्यात गुडघाभर पाणी अन् तारेनं ओढली जाणारी बोट. बोटीवाल्या पोट्टयानं आमाले नारंगी जाकिटं घातली. समोर पाटी होती, बोटीत उभे राहू नये. म्या मोठ्यानं वाचून दाखवली, म्हणजे कोणाले वाटू नये का आमी अडाणी हाओ. पुढच्या बाकावर एका काठानं मी, मधात उर्वशी, दुसऱ्या काठानं भागीरथाबाई. मागच्या बाकावर बापलेक.

खोटं काऊन बोलू, मजा आली. हत्तीनं सोंडेनं पाणी उडवलं. माकडं माना हलवून राह्यले होते. मगरीनं जबडा उघडला तं दादाजी भाऊ म्हणे, "आमच्या साहेबासारखी दिसते." भागीरथाबाई पहिल्यांदा हसली, अन् हसता हसता उर्वशीच्या मांडीवर हात ठेवला. माहा जीव थोडा थंडावला. बोट संथ चालली होती, ऊन कोवळं होतं, अन् मले वाटलं का जमते बाप्पा आपलं काम.

मंग वळणावर बांबूची रांजी आली, दाट बेटच म्हणा. खरा बांबू लावला होता त्यायनं. अन् भागीरथाबाईच्या बाजूनं, त्या बांबूतून, डरकाळी फोडत वाघ निघाला.

आता शहाणे लोक म्हणतीन, बगीच्यातला वाघ तो फायबरचा. आमाले का समजत नाई? समजते. पण मोहा येचताना माणूस वाकून बसते, अन् बसलेला माणूस वाघाले जनावरासारखा दिसते. म्हणून आमच्याकडं लेकराले चालता येत नाई तव्हापासून शिकवतात, वाघ दिसला का उभं राहा, एकमेकाले धरा, त्याच्याकडं तोंड करा अन् वरडा. हे डोक्यात राहत नाई, पायात राहते.

मी उभी झाली. उर्वशी माह्याआधी उभी झाली होती. तिनं भागीरथाबाईले दंडाले धरून असं उचललं का बाईची चप्पल खालीच राहिली. बाईले मागं ढकललं, आपण तिच्या अन् वाघाच्या मधात घुसली, दोन्ही हात पसरले अन् बोंबलली, "हाऽऽट्! हाऽऽट्!"

काठावरचा माणूस वरडला, "बसा! खाली बसा!"

मी वरडली, "बसू नोका! उभे राहा सगळे!"

दादाजी भाऊनं बिचाऱ्यानं माहं ऐकलं. तोबी उभा झाला, अन् बोट पलटली. प्रणित एकटा बसून होता. "अवो फायबरचा हाय, फायबरचा हाय" म्हणत म्हणत तो सगळ्यात शेवटी पाण्यात पडला.

लागलं कोणाले नाई. पण गुडघाभर पाण्यात आमी पाच जण बसून, अन् तो मेला वाघ बांबूत जाऊन पुन्हा बाहेर येऊन डरकाळ्या फोडून राह्यला होता. काठावर लेकरं टाळ्या पिटत होते, लोकं मोबाईल काढून उभे. म्या मनात म्हटलं, घ्या, आता चांगलं वळण पाह्यलं बाईनं. झाली सोयरीक!

प्रणितनं एकेकाचा हात धरून आमाले कट्ट्यावर चढवलं. भागीरथाबाईचा अंबाडा सुटला होता, दंडावर उर्वशीची बोटं उमटली होती. ती बराच वेळ दंड चोळत बसली. मंग उर्वशीले म्हणे, "तुही मावशी तुह्या बाजूले होती. तिले सोडून मले काऊन धरलं?"

"वाघ तुमच्याकडून होता, काकू."

"म्हणून तू मधात घुसली?"

उर्वशी ओढणी पिळत होती. तिनं वर पाह्यलं नाई. "माही माय एकटी होती," ती म्हणे. "तिच्याजवळ उभं राहाले कोणी नव्हतं."

 

भागीरथाबाई उठली. प्रणितले म्हणे, "जाय, नारळ घेऊन ये." तो म्हणे, "आई, इथी पाण्याचंच नारळ भेटते, हिरवं." बाई म्हणे, "तेच आण." पर्समधल्या कुंकवाच्या डबीत पाणी शिरलं होतं. ओल्या बोटानं तिनं उर्वशीले कुंकू लावलं, ते नाकापर्यंत उतरलं. हिरवं नारळ पोट्टीच्या ओल्या ओढणीत घातलं. अशी ओटी म्या माह्या जन्मात पाह्यली नव्हती.

"आता काकू नोको म्हणू," बाई म्हणे. "आई म्हण."

उर्वशीनं माह्याकडं पाह्यलं.

इतके वर्षं पोट्टी मले मावशीच म्हणत आली. मले का वाटलं नसन? लय वाटलं. पण तो मान माह्या बहिणीचा, म्हणून म्या कधी मागितला नाई. अन् या बाईनं ओल्या लुगड्यात उभं राहून एका दमात मागून घेतला! राग आला मले. खरंच आला. पण पोट्टी थांबली होती माह्यासाठी.

"म्हण ना वो, पाहते काय?" मी डाफरली. "नाई तं पुन्हा म्हणतीन, वळण नाई!"

भागीरथाबाईनं मान खाली घातली. उर्वशीनं तिले आई म्हटलं, हळूच. मंग ते नारळ सांभाळत माह्याकडं आली, अन् माह्या खांद्याले खांदा लावून उभी राहिली. मले लय रडू आलं.