टाकीतला पैलवान

“हाच तो! बघ, कसा साळसूदपणे पर हलवतोय,” आमचे हे टाकीच्या काचेला नाक लावून म्हणाले. आत एका माशाची शेपटी पुन्हा कुरतडलेली होती.

कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात यांची उभी हयात गेली. हे निवृत्त झाले, पण संशय काही निवृत्त झाला नाही. दूध पातळ दिसलं तरी आधी माझ्याकडे बघतात. त्यात पाळले तेही भांडखोर, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्यातल्या थोराडाला मी पैलवान म्हणायची. तो काही दिवस टाकीतल्या फुटक्या कुंडीजवळून हलत नव्हता, कोणी जवळ आलं की अंगावर धावून जाई.

“काय लपवलंय याने तिथे?”

“सोनं असेल,” मी म्हटलं.

यांना हसू आलं नाही. पैलवानाला जाळीत धरून, पिशवीत घालून ते माशांच्या दुकानात देऊन आले.

दुसऱ्या दिवशी आणखी एकाचे पर ओरबाडलेले. “तू टाकीत हात घातला होतास का?” म्हणजे आता माझ्यावर पाळत! असा राग आला की मी स्टूल ओढून टाकीसमोरच बसले. म्हटलं, चोर पकडूनच दाखवते.

दुपारी सापडला. पैलवानाची जोडीदारीण, जिला हे गरीब गाय म्हणत, तीच सगळ्यांना चावून हुसकावत होती. एकाला पळवलं की दुसरा मागून यायचा. मी वाकून बघितलं. कुंडीच्या आत अंडी चिकटलेली होती, टाचणीच्या डोक्याएवढी.

“अहो, इकडे या. तो उगाच मारत नव्हता. पोरं राखत होता.”

हे वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग शर्टाची बटणं लावत लावतच दुकानाकडे पळाले.

परत आले रिकाम्या हातांनी. पैलवान विकला गेला होता. कोणी नेला, दुकानदाराला ठाऊक नव्हतं.

तोवर इकडे बाकीच्या माशांनी अंडी खाऊन कुंडी साफ केली होती. मी काचेवर टकटक करत राहिले, पण एकटी ती किती जणांना पुरणार! तरी ती कुंडीपुढे पर हलवत उभीच होती. मला यांना भडाभडा बोलायचं होतं. चेहरा बघितला आणि मी स्टुलावरून उठले.

हे स्टुलावर बसले. बाकीचे मासे कुंडीकडे निघाले की काचेवर तळवा आडवा धरायचे. मासे वळायचे.

“आता काय राहिलंय तिथे?” मी हळूच विचारलं.

“तिला सांगू नकोस,” ते म्हणाले, आणि हात तसाच ठेवला.