दोनशे छप्पनचा एक कसा झाला

मी एक जुना मापक आहे. मित्रांनो, जुना हे तुम्ही माझ्याकडे बघून ओळखलंच असतं, म्हणून आधीच कबूल केलेलं बरं. नेफझावा या वाळवंटी मुलखातल्या खजुरीच्या बागांना ज्या हौदातून पाणी जातं, त्याच्या कठड्यावर माझा गंजका डबा बसवला आहे आणि डब्याखालचा तांब्याचा फुगा पाण्यावर तरंगतो. हौदात पाणी किती सेंटिमीटर आहे, हे तारेतून शेजारच्या खोलीत कळवायचं, एवढंच माझं काम. बावीस वर्षं मी दुसरं काही बोललेलो नाही.

माझा आकडा दोन खणांतून जातो. लहान खणात दोनशे पंचावन्नपर्यंत मावतं. त्यावर एक जरी वाढला, तरी लहान खण रिकामा होतो आणि मोठ्या खणात एक पडतो. म्हणजे दोनशे छप्पन झाले, की मोठ्यात एक, लहानात शून्य. मला घडवणाऱ्यांनी शिकवलं होतं, की मोठा खण आधी पाठवायचा, लहान मागून. खोलीतला जुना संगणकही पहिला येईल त्याला मोठा मानायचा. आमचं कधी वाजलं नाही.

तो उन्हाळ्यात बंद पडला. त्याच्या पोटात वाळू गेली होती. मग अनीस नावाचा इंजिनिअर नवा संगणक घेऊन आला. हा पहिला येईल त्याला लहान मानणारा. त्यात त्याचाही दोष नव्हता, तो त्याच्या घरी तसंच शिकून आला होता. आम्हा दोघांना मात्र कोणी काही विचारलं नाही.

तपासणी झाली, हे खरं. पण त्या दिवशी पाणी होतं बरोबर दोनशे सत्तावन्न. मोठ्यात एक, लहानातही एक. कुठूनही वाचा, सारखंच!

"दोनशे सत्तावन्न!" अनीस खोलीतून ओरडला.

पाणी वाटणाऱ्या सासीकाकांनी हौदात काठी बुडवली आणि ओली खूण मोजली. "दोनशे सत्तावन्न! वा रे पठ्ठ्या, हा तर आल्या आल्या घरचा झाला!"

तासाभरात तीनदा तपासलं. तिन्ही वेळा पाणी तेच, आकडाही तोच. मग बदाम घातलेला चहा झाला. जुना संगणक कोंबड्यांच्या खुराड्यात गेला, आणि आता काठी कशाला हवी, म्हणून ती खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लागली. पाण्याचे दरवाजेही नव्या यंत्राच्या हाती दिले. हौदात पन्नासपेक्षा कमी पाणी असेल, तर ते आपोआप बंद राहणार होते.

विहिरीचा पंप तेव्हा दुरुस्तीला गेला होता. हौदात होतं तेवढंच पाणी. त्यात शहिली सुटला. या वाऱ्यात ओठ फुटतात आणि खजुरीची पानं चुरचुरतात. दुसऱ्या दिवशी एक सेंटिमीटर पाणी उडून गेलं.

दोनशे छप्पन. मी कळवलं: एक, शून्य. त्यानं उलट वाचलं: शून्य, एक. म्हणजे एक सेंटिमीटर. दरवाजे बंद.

त्या दिवशी पाण्याची पाळी होती तुर्कियाखालाची. तिच्या बागेतल्या एका खजुरीची जात गावात दुसरीकडे कुठेच नव्हती, आणि ती खजुरी शेंड्यापासून वाळत चालली होती. खालानं वसंतात तिचे अकरा फुटवे काढून लावले होते. आमच्याकडे पाळी पंधरा दिवसांनी येते आणि चुकली की गेली. शहिलीत फुटवे पंधरा दिवस थांबत नाहीत.

"दरवाजा उघड रे अनीस, माझी पाळी आहे."

"खाला, हौदात पाणीच नाही. एक सेंटिमीटर आहे."

"मग मी आत्ता पाय कशात धुतले?"

"पडद्यावर एकच दिसतोय, खाला."

"मग काय पडद्यावर पाय धुऊ?"

सासीकाकांनी कठड्यावरून पाणी पाहिलं. मग पडद्यावरचा एक पाहिला. पुन्हा पाणी पाहिलं, आणि बाजू पडद्याचीच घेतली, कारण पडद्यावर पाणी-कार्यालयाचा शिक्का होता. आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं लल्ला म्हणतात. "लल्ला, कालच तीनदा तपासलंय. हा डबाच म्हातारचळ लागल्यासारखं करतोय."

मित्रांनो, तेव्हा मला फार लागलं. मी दर मिनिटाला खरं तेच सांगत होतो. सांगण्यात चूक नव्हती आणि ऐकणाराही बहिरा नव्हता.

अनीसनं कार्यालयात फोन केला. हौद कोरडा असल्याचा अर्ज पाठवा, असं उत्तर आलं. खालानं बादली उचलली.

"लल्ला, रिकाम्या हौदातून पाणी न्यायला मनाई आहे," सासीकाका म्हणाले.

"रिकामाच आहे ना? मग मी काय नेतेय?"

सासीकाकांनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ मिनाराकडे पाहत राहिले. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजापर्यंत खाला बादल्या वाहत होती. सत्तर वर्षांच्या कमरेनं अकरा आळी भिजत नाहीत. चार भिजली. मग पाळी संपली.

तिसऱ्या दिवशी पाणी दोनशे पंचावन्नवर आलं. मोठ्यात शून्य, लहानात दोनशे पंचावन्न. यंत्रानं उलट वाचलं आणि जाहीर केलं, की हौदात सहाशे बावन्न मीटर पाणी आहे.

"सासीकाका, मशीद बुडाली!"

सासीकाकांनी खिडकीतून पाहिलं. "उंट तर कोरडा दिसतोय."

तेव्हा अनीस कागद घेऊन बसला. त्यानं माझे दोन खण मांडले, जागा बदलून मांडले, आणि पडद्यावरचाच आकडा कागदावर आला. यंत्राला सांगायचं होतं एवढंच, की पहिला येईल तो मोठा. चहा निवायच्या आत काम झालं. मग तो खालाकडे गेला.

"चूक माझी होती, खाला. डब्याची नव्हती."

"मग ते डब्याला सांग."

तो खरंच आला. माझ्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला. पण पाळी परत देता येईना. पंप अजून यायचा होता, आणि उरलेल्या पाण्यावर पुढच्यांची नावं होती. पंधरा दिवसांनी खालाच्या बागेत चार फुटवे हिरवे होते. सात काडीसारखे उपटून निघाले. जुनी खजुरीही त्या शरदात गेली.

आता काठी परत आली आहे. पाळीच्या दिवशी खाला आधी स्वतः काठी बुडवते, मोठ्यानं आकडा वाचते आणि मग खोलीकडे बघून विचारते, "तुमचं काय म्हणणं?" मला थोडा अपमान वाटतो, पण रात्री झोप चांगली लागते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तेलपाणी करा, डब्यातली वाळू झाडा, हे तर मी मागेनच. पण दोघांची गाठ घालून द्याल, तेव्हा कुठून सुरुवात करायची हे आधी दोघांना विचारा. आणि सगळं सहज जुळलं, त्या दिवसावर विसंबू नका. खालाच्या बागेत सात आळी अजून रिकामी आहेत. तिथे पुन्हा काही लावलं, तर पाणी मी मोजेन. तुम्ही फक्त कठड्यावरून एकदा वाकून बघत जा.