रबराचे दोन वेढे

प्रयोगशाळेत मला सगळे भट्टीवाले दादा म्हणायचे. रंगाचा किंवा प्लास्टिकचा कण भट्टीच्या नळीत टाकायचा. आत हवा नसते, त्यामुळे तो जळत नाही, नुसता फुटतो. निघालेल्या वायूंवरून तो मुळात काय होता ते ओळखायचं. एकवीस वर्षं हेच केलं. मग नवं यंत्र आलं. त्यात भट्टीच नाही. कण एका बारीक तारेवर ठेवायचा. भोवतीच्या वेटोळ्यात वीज सोडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तार तापते आणि ठरलेल्या तापमानाला आपोआप थांबते. कुठे थांबायचं ते तारेचा धातू ठरवतो. हे यंत्र चालवायला एक मुलगी कंत्राटावर आली. तिला आम्ही तारवाली म्हणू लागलो. चिमटा कसा धरायचा ते तिला मीच शिकवलं.

साहेबांनी दोन्ही पद्धतींची तुलना लावली. जे यंत्र सरस ठरेल ते राहणार, आणि तारवालीचं कंत्राटही त्याच निकालावर अडकलेलं.

आदल्या दिवशी मी तिच्या टेबलावरचा चिमटा घ्यायला गेलो आणि कोपर लागून तारांच्या दोन डब्या खाली सांडल्या. एक सहाशे अंशांची, एक पावणेआठशेची. तारा दिसायला हुबेहूब सारख्या. तिला सांगायला हवं होतं, पण कालच्या पोरीपुढे धांदरटपणा कबूल करायचा जिवावर आलं. अंदाजाने तारा भरल्या, सवयीप्रमाणे डब्यांना रबराचे दोन वेढे घातले आणि निघालो.

आठवडाभर तिचा एक आलेख दुसऱ्याशी जुळेना. माझी भट्टी मात्र गुणी बाळासारखी वागली. बैठकीत साहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल, सर." मी वहीत रेघा ओढत बसलो. खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटलं होतं. त्याचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. हातात त्याच दोन डब्या.

"दादा, एकेक तार रिकामीच तापवून पाहिली. काही मंद लाल होतात, काही लखलखीत. सरमिसळ झाली होती. साहेबांना सांगून आले. यंत्र राहतंय."

"सरमिसळ कोणी केली म्हणालीस?"

"मी."

तिने डब्या माझ्यापुढे ठेवल्या.

"रबराला दोन वेढे तुम्हीच घालता, दादा. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या. म्हटलं, शेवटी शेवटी कशाला गालबोट."

"आणि तुझं कंत्राट?"

"वाटलं होतं, बोलणी खाऊन सुटेन. पण नाही वाढवत म्हणाले."

मी तडक साहेबांच्या खोलीकडे गेलो. दाराशी बसलेला शिपाई म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत. बसा ना, अर्ध्या तासात येतील."

मी थांबलो नाही, साहेब जेवत होते तिथेच गेलो.