ओटी भरलेली विहीर

मी विहीर बोलतेय, आणि माझ्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, हे मला आधीच ठाऊक आहे. पुणतांब्याकडच्या एका वाढत्या बाजारगावात, मातीच्या भिंतींच्या आळीत मी आहे. पाणी चढणं दर वेळी चांगलं नसतं, हे मी कधीची सांगतेय. विहिरीचं ऐकतो कोण?

मला खणलं तेव्हा पाणी खोल होतं. मग कालवा आला, चहूकडं ऊस झाला आणि मुरलेलं पाणी गावाखालून माझ्यात उतरू लागलं. पण आळीतल्या बाया दिवसभर पोहरे सोडायच्या, भांडायच्या, सासवांची उणीदुणी काढायच्या. तेवढ्यानं माझं पोट हलकं राहायचं. त्यांना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

एकाहत्तर साली नळ आला. दोर खुंटीला गेले. मी चढत चढत दिवाळीला काठाशी आले. आळीतल्या कारभारीची आई आक्काबाई हात जोडून म्हणाली, "गंगामाई दारात आली गं! आता हिला पोहरा लावायचा न्हाई." बायांनी खणानारळानं माझी ओटी भरली. इतका मान कधी मिळाला नव्हता. मी सुखावले. मेली माझी हौस!

शेजारची मनकर्णा तेवढी गप्प बसेना. तिची आणि आक्काबाईची भिंत एकच. भिंतीला खालून ओल चढली होती, बोट लावलं की माती गळायची.

"आत्याबाई, खाट हलवा तिथनं. भिंत भिजलीया. हिरीचं पानी उपसत ऱ्हायलं तरच ओल खाली जाईल."

"नळाचं पानी ग्वाड लागंना व्हय गं तुला?" आक्काबाई हसली. "ओटी भरल्याली हाय ती. तिला कुनी उपसतं का?"

मनकर्णा पोहरा घेऊन आली. एकटीच ओढायची आणि गटारात ओतायची. चार दिवसांत मी वीतभर उतरले. भिंतीजवळची माती सुकायला लागली होती. तेवढ्यात कारभारीनं तिच्या हातातला दोर हिसकावला. "देवीच्या अंगाला हात लावतीस, भवाने?"

मी पुन्हा चढले. मला थांबता येत नाही.

एके दुपारी, वारा नाही, पाऊस नाही, ती भिंत खाली बसली. खाटेवर निजलेल्या आक्काबाईवर. माती खालून चिखल झाली होती, आणि तो चिखल माझ्या पाण्याचा होता. ज्या म्हातारीनं मला कुंकू लावलं, तिलाच मी गिळलं.

आजही माझ्या काठावर दिवा लावतात. बायांनो, दिवा नको, दोर आणा. उरलेल्या भिंतीही भिजल्यात. सगळ्याजणी मिळून ओढा, शिव्या देत ओढा, पण ओढा.

तेव्हा आक्काबाईच्या दहाव्याला पाहुण्यांनी विचारलं होतं, "म्हातारी गेली कशानं?"

"गंगामाई कोपली," कारभारी म्हणाला. "भरल्या ओटीत पोहरा घातला एकीनं."

"कुनी?"

अख्ख्या आळीनं एकच नाव घेतलं. मनकर्णा.